आधी दुरुस्ती, मग साज

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा पैसा हाती येतो, पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते, आणि वर्षभर 'हंगाम झाल्यावर पाहू' म्हणून मागे सारलेल्या गरजांचा विचार घराघरांतून नव्याने होऊ लागतो. अशा वेळी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, मग ते घर घाटावरच्या चिखली-मेहकरातले असो की घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यातले, ज्या वस्तूच्या खरेदीची गोष्ट हटकून निघते ती म्हणजे नवा फ्रिज. जुना फ्रिज पाणी थंड करीत नाही किंवा दूध राखत नाही अशी तक्रार क्वचितच असते. तक्रार असते ती दाराचा मूळचा रंग विटून पिवळट पडल्याची, मुठीभोवती कितीही घासले तरी न निघणारे डाग बसल्याची, तळाच्या कडेला गंजाची रेघ उमटल्याची, आणि या साऱ्यांहून अधिक, शेजारच्या नव्या स्वयंपाकघरात पोलादी झळाळीचा फ्रिज येऊन उभा राहिल्याची. केवळ कांती गेली एवढ्या कारणास्तव सुरळीत चालणारे यंत्र भंगारात काढावे आणि त्याच्या जागी दरमहा फेडायच्या हप्त्यांचे ओझे घरात आणावे, हा व्यवहार आज अनेक सुज्ञ कुटुंबांनाही स्वाभाविक वाटू लागला आहे. तो स्वाभाविक नाही, आवश्यक तर नाहीच. आणि त्याला अल्प खर्चाचा, घरच्या घरी अंमलात आणता येण्याजोगा एक पर्याय आहे.

तो पर्याय म्हणजे धातूसारखे दिसणारे, पाठीला चिकट थर असलेले विनाइलचे आवरण. मोटारसायकलींच्या नंबराच्या पाट्या आणि गाड्यांच्या काचांवरची देवादिकांची नावे जिथे कातरून मिळतात त्या रेडियमच्या दुकानांत, किंवा वॉलपेपर विकणाऱ्यांकडे, याचे रोल फुटावर अथवा मीटरवर मिळतात. घासलेल्या स्टीलचा, काळपट पोलादाचा, तांब्याचा, अशा नाना रूपांत ते येतात. या वस्तूचे मूळ पॉलिव्हिनाइल क्लोराइड या कृत्रिम पदार्थात आहे. अमेरिकेतील ओहायो प्रांतात, गुडरिच या रबराच्या कंपनीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन हे 1926 साली रबर धातूला चिकटवण्याचे साधन शोधत असता, तोपर्यंत ठिसूळ आणि निरुपयोगी समजल्या गेलेल्या या पदार्थाला त्यांनी उष्णतेच्या आणि द्रावकांच्या साह्याने लवचीक रूप दिले. धातूला रबर जोडण्याचा त्यांचा मूळ हेतू बाजूला राहिला, परंतु त्या प्रयत्नातून निपजलेला पदार्थच आज धातूच्या अंगावर चढून बसतो आहे. घरगुती वापरातल्या या आवरणाची जाडी साधारणपणे एक दशांश मिलिमीटर असते, आणि नुसत्या दाबाने पकड घेणाऱ्या गोंदाचा थर त्याच्या पाठीवर असल्यामुळे त्याला ना खिळा लागतो, ना वितळवलेला धातू, ना भट्टी.

या उपायावर पहिला आक्षेप येतो तो बेगडीपणाचा. जे पोलाद नाही त्याला पोलादाचे रूप देणे ही फसवणूक नव्हे काय, असे विचारणाऱ्या सज्जनांच्या मनातली सत्यप्रीती मला मान्य आहे. परंतु हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात विचारला जावा याचे नवल वाटते. कापसाच्या पेठेसाठी 1870 साली ज्या गावापर्यंत जलंबहून रेल्वेचा स्वतंत्र फाटा आणावा लागला, ते खामगाव आज रजतनगरी म्हणून सर्व महाराष्ट्रात ओळखले जाते. देव्हारा, पालखी, सिंहासन किंवा गाभाऱ्याचे दार चांदीने मढवतात तेव्हा आत सागवान असते आणि वर चांदीचा पत्रा असतो, हे घडवणाऱ्याला ठाऊक असते, घडवून घेणाऱ्याला ठाऊक असते आणि दर्शनाला येणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यात कोणी कोणाला ठकवीत नाही. आवरण हे आवरण म्हणून उघडपणे मिरवत असेल तर तो अलंकार होय. आतली कुजलेली वस्तू धडधाकट म्हणून खपवण्यासाठी ते घातले असेल तरच ते कपट होय. दोहोंमधला भेद पदार्थात नसून हेतूत आहे.

मात्र चांदीने मढवण्याच्या कारागिरीपेक्षाही अधिक जवळचा, आणि प्रत्येक घराने पाहिलेला धडा कल्हईचा आहे. पितळेच्या पातेल्यात ताक कळकते, चिंचेचे सार बिघडते, म्हणून वर्षाकाठी एकदा-दोनदा कल्हईवाला दारात यायचा. जमिनीत खड्डा करून, भाता लावून तो कोळसे फुलवायचा. पण कथलाचा तुकडा हाती घेण्यापूर्वी भांड्याचा पोचा काढायचा, काजळी आणि जुना मळ राखेने-वाळूने खरवडून काढायचा, आणि भांडे तापल्यावर नवसागराची पूड टाकून उरलासुरला मळही उडवून लावायचा. त्यानंतरच कथील फिरे आणि कापसाच्या बोळ्याने क्षणार्धात सर्व अंतर्भाग रुपेरी होई. अस्वच्छ भांड्यावर कल्हई धरत नाही आणि फुटक्या भांड्याला कल्हई करून उपयोग नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे. विनाइलच्या आवरणाला हाच नियम तंतोतंत लागू आहे, आणि माझे सांगणे मुख्यत्वेकरून या नियमापुरतेच आहे: आधी यंत्राची दुरुस्ती, मग अंगाची सफाई, आणि सर्वांत शेवटी साज. हा क्रम जो उलटा करील त्याचे श्रमही वाया जातील आणि पैसाही.

म्हणून रोल विकत घेण्याअगोदर फ्रिजची नीट तपासणी व्हावी. दारात एखादा कागद धरून दार लावावे व कागद ओढून पाहावा; तो सहज निसटून आला तर दाराचे रबर सैल झाले आहे, थंडावा बाहेर जातो आहे आणि कॉम्प्रेसर अकारण राबतो आहे असे समजावे. रबर बदलणे हा नव्या फ्रिजच्या किमतीच्या मानाने अगदी क्षुल्लक खर्च आहे. पाठीमागे जाळी असेल तर तिच्यावर साचलेली धूळ आणि जळमटे ब्रशने झाडावीत, कारण अशा फ्रिजमध्ये आतली उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग तोच आहे. थर्मोस्टॅट नीट तुटतो-जोडतो की नाही हे जाणकार मिस्त्रीकडून पाहून घ्यावे, आणि ज्या खेड्यांत विजेचा दाब वरखाली होतो तिथे स्टॅबिलायझरची तरतूद करावी. एवढे करूनही यंत्र वारंवार गॅस सोडीत असेल, किंवा ते इतके जुने असेल की विजेचे बिल दर महिन्याला त्याची साक्ष देत असेल, तर त्याला सजवू नये. ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकित पट्टी 2006 साली सुरू झाली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजसाठी ती 2010 पासून सक्तीची झाली. त्यानंतरही हे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत. गेल्या शतकातल्या बहुतेक फ्रिजमध्ये तर ओझोनच्या थराला घातक ठरलेला सीएफसी वर्गातला वायू असे, ज्याचा वापर भारताने माँट्रियल करारानुसार 2010 पर्यंत संपुष्टात आणला. असा फ्रिज सन्मानाने निवृत्त करणे हेच उचित. दहा-बारा वर्षांचा, निरोगी, मितव्ययी फ्रिज केवळ रंगासाठी काढून टाकणे मात्र अनुचित.

दुरुस्ती झाली की सफाई. घाटाखालच्या तालुक्यांत वैशाखात पारा 43-44 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा गोंद अकाली नरम पडून आवरण वेडेवाकडे बसते. पावसाळ्यात ओल आत कोंडून गंजाला आयतेच निमंत्रण मिळते. यास्तव दिवाळीनंतरचा कोरडा, मोकळा काळ या कामास सर्वोत्तम. फ्रिजचा प्लग काढून, मूठ आणि नावाची पट्टी स्क्रू सोडून बाजूला ठेवावी. फोडणीच्या वाफेबरोबर वर्षानुवर्षे बसलेला तेलकट थर नुसत्या पाण्याने जात नाही. त्यासाठी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवावा. आपल्या लोणार सरोवराच्या पाण्यात हाच सोडा निसर्गतः असतो, आणि अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त लोणारच्या परिसरात काच व साबण तयार करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात अशी नोंद आहे. तेव्हा चिकट मळ काढण्याच्या विद्येत हा मुलूख नवशिका नव्हे. धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून झाल्यावर शेवटचा हात स्पिरिटचा मारावा. गंज असेल तिथे पॉलिश पेपरने घासून लखलखीत पत्रा दिसेपर्यंत तो काढावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा, खड्डा असेल तर रंगारी भरतात तशी लांबी भरून ती सपाट घासावी. धातूसारखे तकतकीत आवरण पोचे लपवीत नाही. उलट त्यावर प्रकाश पडताच प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक कण उठून दिसतो. गंजावर थेट आवरण चिकटवले तर गंज थांबत नाही, तो दृष्टिआड होऊन अधिक निर्धास्तपणे पसरतो.

साज चढवण्याची क्रिया दोन माणसांची आहे आणि तिला घाई मानवत नाही. दाराचे माप घेऊन चहूबाजूंनी दोन-दोन इंच जास्तीचा तुकडा कापावा. घासलेल्या स्टीलचे रूप असेल तर त्यावरच्या बारीक रेघांची दिशा वरच्या व खालच्या दोन्ही दारांवर एकच राहील याची खबरदारी घ्यावी. ही दिशा चुकली की सारे काम ठिगळासारखे दिसते. पत्र्यावर पाण्यात दोन थेंब साबण घालून हलका फवारा मारावा, म्हणजे तुकडा बसवताना सरकवता येतो. पाठीचा कागद एकदम न सोलता वरून वीतभर सोलावा, वरची कड ओळंब्यात बसवावी, आणि मऊ फडक्यात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत, पाणी व हवा बाहेर काढत, खाली यावे. बुडबुडा राहिलाच तर सुईच्या टोकाने टोचून दाबावा. कोपऱ्यांवर केस वाळवण्याच्या यंत्राची मंद ऊब दिली की आवरण नरम होऊन वळणाला लपेटते. कडा दाराच्या रबराखाली येतील अशा बेताने वळवाव्यात, परंतु रबराच्या मिटण्यात त्यांचा अडथळा होता कामा नये. पुढे ओल्या मऊ फडक्याने पुसत राहिले आणि तारेची घासणी दूर ठेवली, तर हे काम काही वर्षे सहज टिकते.

कुठे लावू नये हे सांगणे कुठे लावावे हे सांगण्याइतकेच अगत्याचे आहे. विनाइल 80 अंश सेल्सिअसच्या आतच नरम पडते आणि पेटले तर हायड्रोजन क्लोराइडचा दाहक धूर सोडते. म्हणून गॅसची शेगडी, तिच्यालगतची भिंत, ओव्हनचे दार आणि इंडक्शनची शेगडी यांना ते कदापि लावू नये. मिक्सरच्या बैठकीला लावता येते, पण मोटारीला हवा देणाऱ्या फटी एका रेघेनेही झाकल्या जाता कामा नयेत. आताच्या अनेक फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड बसवलेल्या असतात. हात लावून बाजू गरम लागत असतील तर साज दारापुरताच मर्यादित ठेवावा. घरघंटीच्या पेटीला ते शोभते. विदर्भाच्या उन्हाळ्याचा आधार असलेल्या पत्र्याच्या कूलरला मात्र ते आतून लावण्यात हशील नाही. तिथे पाण्याच्या टाकीला गंजरोधक रंगच हवा.

या पदार्थाचे एक ऋणही आहे आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पीव्हीसी सहजासहजी पुन्हा वापरात आणता येत नाही, आणि उघड्यावर जाळले तर त्यातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. एक पातळ आवरण लावून अख्खे अवजड यंत्र आणखी काही वर्षे उपयोगात राहत असेल तर तो हिशेब निःसंशय लाभाचा आहे; परंतु तेच आवरण दर दिवाळीला हौसेखातर बदलले तर लाभाचा तोटा व्हायला वेळ लागणार नाही. यास्तव एकदा निवडावे ते विचारपूर्वक निवडावे, आणि ज्या दिवशी यंत्र खरोखरच भंगारात जाईल त्या दिवशी आवरण सोलून काढूनच ते द्यावे, म्हणजे पत्र्याबरोबर ते कोणाच्या भट्टीत जाणार नाही.

पोलादी झळाळीचा हा सोस तरी आला कुठून, याचाही विचार व्हावा. गोदरेज कंपनीने 1958 साली भारतात फ्रिजचे उत्पादन सुरू केले, तेव्हा आणि पुढे बराच काळ पांढरा फ्रिज हीच प्रतिष्ठा होती. दरम्यान तांब्या-पितळेला हटवून स्टेनलेस स्टीलची भांडी मराठी मांडणीवर विराजमान झाली, आणि ती आणण्यात बोहारणीचा वाटा फार मोठा होता. जुनी लुगडी, जुने सदरे देऊन तिच्याकडून स्टीलचे पातेले घासाघीस करून घेणारी गृहिणी जीर्ण वस्तूतलेही मोल ओळखत होती. वस्तू टाकणे तिच्या शब्दकोशात नव्हते. आज तिच्याच मुली-सुनांना जाहिरात असे बिंबवू पाहते आहे की वस्तू जुनी झाली म्हणजे लाजिरवाणी झाली. ही लाज उसनी आहे. पाहुण्यांसमोर, मुलीच्या पाहण्याच्या कार्यक्रमात, विटक्या फ्रिजवर पडदा टाकावासा वाटतो ही भावना मी तुच्छ मानीत नाही. ज्या स्त्रीचे दिवसाचे कित्येक तास स्वयंपाकघरात जातात तिला ती जागा प्रसन्न असावी असे वाटणे हा तिचा न्याय्य हक्क आहे. आणि तो हक्क कर्ज न काढता, स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या निवडीने बजावता येतो, यातच या साध्या उपायाची थोरवी आहे.

आता जे घराबाहेर व्हायला हवे त्याविषयी. जुन्या वस्तूंच्या बाजारात गंजक्या फ्रिजवर चकचकीत आवरण चढवून तो 'थोडा वापरलेला' म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. ग्राहकाने दाराची खालची कड आणि रबराची खाच बोटाने चाचपून पाहावी, आणि आवरण चढवलेले असल्यास तसे बिलावर लेखी मागावे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात घरगुती उपकरणांचाही अंतर्भाव आहे. ई-कचरा व्यवस्थापनाचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आले असून फ्रिजसारख्या वस्तूंची अखेरची विल्हेवाट ही उत्पादकाचीही जबाबदारी ठरली आहे. हे कायदे दफ्तरात शोभून दिसतात. त्यांचा लाभ संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खेड्यातल्या कुटुंबाला तेव्हाच होईल, जेव्हा तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतील, फ्रिजचा जाणता मिस्त्री मिळेल आणि त्याच्या विद्येला मान मिळेल. माझी सूचना अशी की नगरपरिषदांनी हंगामानंतर दरवर्षी एक दुरुस्ती-सप्ताह भरवावा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना त्यात हात चालवू द्यावा, आणि महिला बचत गटांना उपकरणांवर आवरण चढवण्याचे रीतसर शिक्षण द्यावे. मोजमाप, सफाई आणि सुबक कातरकाम यांत ज्यांचा हात बसलेला आहे त्या शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रियांना हा एक नवा, स्वच्छ आणि घरोघरी मागणी असलेला व्यवसाय ठरू शकतो.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच की येत्या हंगामात नव्या फ्रिजच्या हप्त्यांच्या कागदावर सही करण्यापूर्वी जुन्या फ्रिजपुढे एक रविवार द्यावा. त्याचे रबर तपासावे, जाळी झाडावी, मिस्त्रीला दाखवावे. यंत्र धड निघाले तर गंज काढून, स्वच्छ करून त्याला हवा तो साज चढवावा, आणि धड न निघाले तर निःशंकपणे बदलावे. वाचलेला पैसा मुलांच्या फीला, विहिरीच्या मोटारीला किंवा पुढल्या पेरणीच्या बियाण्याला लावावा. घराची प्रतिष्ठा फ्रिजच्या दारावर नव्हे, तर कर्जमुक्त संसारावर अवलंबून असते.